खडी

नगरपालिकेच्या अर्जात दरवर्षी मीच आकडा भरतो:
मेणबत्त्या, वाऱ्यात न विझणाऱ्या, नग एकशे बारा.
सहा डिसेंबर. दुपारी तीनलाच अंधार.
हाल्लायार्वीच्या चर्चमागं एकशे बारा दगड,
एका उंचीचे, एका रेघेत,
जणू अजून कुणी हजेरी घ्यायला येणार आहे.
शाळेची पोरं येतात नाकं ओढत,
प्रत्येकाच्या वाट्याला एक दगड, एक काडेपेटी.
तुतारीवाल्याचे ओठ पितळेला चिकटतात.
मग आम्ही सगळे गप्प उभे राहतो.
गप्प उभं राहणं आम्हाला फार चांगलं जमतं.

चौथ्या रांगेत आर्मास लेहतोला.
जन्म सतरा, मृत्यू चाळीस, सरहद्दीवर, बर्फात.
त्याचा बाप या रांगांत नाही.

अठरा सालच्या लढाईला आमच्याकडे चार नावं.
पाद्री म्हणायचा स्वातंत्र्ययुद्ध,
लाकडाच्या गिरणीतले म्हणायचे वर्गयुद्ध,
फौजदाराच्या वहीत नुसतं बंड.
ज्यांना कुणाशीच वाकडं नको होतं
ते म्हणायचे, ‘तो वसंत’.
कोण कुठला शब्द वापरतो त्यावरून कळायचं
तो साखर कुठल्या दुकानातून आणतो.

तो वसंत. तळं नुकतं वितळत होतं
आणि हाताला लागेल त्यानं माणसं माणसांना मारत होती.
काठचं लव्हाळंसुद्धा मुसळ झालं होतं.
नेस्तोरी लेहतोलाला खडीच्या खाणीवर नेलं, बरोबर आणखी अकरा.
त्यांतला एक पंधरा वर्षांचा,
पायात मागून आणलेले बूट.
बंदूक धरणाऱ्यांत नेस्तोरीच्या बायकोचा मावसभाऊ होता,
तुओमिकोस्की.
पुढं चाळीस वर्षं तोच तिला दूध घालायचा.
माप कधी कमी दिलं नाही.

ती ल्यूदिया. बावीस वर्षं बंडखोराची रांड,
पेन्शन नाही, चर्चमध्ये मागचा बाक,
पोराच्या प्रगतिपुस्तकात वागणुकीचे गुण कापलेले.
मग एका सकाळी मेजर आला, टोपी काढून,
आणि दुपारपर्यंत ती वीरमाता झाली.
पदक, काचेची चौकट, पुढचा बाक.
बाई तीच.
कोटही तोच, कोपराला ठिगळ लावलेला.

पन्नासच्या आसपास वीरांच्या दगडांमधून वाट करायची ठरली.
खडी जवळच्याच खाणीतून आणली, स्वस्तात पडली.
घोडागाडीवाल्याला माहीत होतं.
पाद्र्याला माहीत होतं.
ठरावावर सही करणाऱ्या सातही जणांना.
कुणी काही बोललं नाही.
खडी चाळून घेतली एवढंच.

ल्यूदिया त्या वाटेवर कधी चढली नाही.
कडेच्या बर्फातून, गुडघा गुडघा, पोराकडे जायची.
लोक म्हणायचे, म्हातारीचं डोकं फिरलंय.

मी सात वर्षांचा. त्या साली आर्मासचा दगड माझ्याकडे आला.
काडी पेटेना. तिनं वाऱ्याला तळहात आडवा धरला.
म्हणाली, “हळू. खाली झोपलेत.”
मी म्हणालो, “इथं तर एकटा आर्मास आहे.”
“इथं नाही,” ती म्हणाली.
“तू उभा आहेस तिथं.”

खाणीपाशी आता एक दगड बसवलाय.
त्यावर ‘आपल्या निष्ठेसाठी’ एवढंच.
नावं नाहीत. उन्हाळ्यात तिथं कुत्री फिरवतात लोक,
ब्लूबेरी वेचतात, आणि चांगल्या निघतात, खोटं का बोला.
मध्यंतरी राजधानीतून दोन मुली आल्या होत्या यंत्र घेऊन.
जमिनीखाली पोकळी आहे म्हणाल्या.
पोकळी.

यंदा निवृत्तीचं वर्ष. अर्जात मी एकशे चोवीस लिहिलं.
दुसऱ्या दिवशी लेखा विभागातून फोन,
तुओमिकोस्की बाई, आवाज नेहमीसारखा मऊ:
“बारा जास्त दिसतात. चूक झालीय का?”
नाही, म्हटलं.
“मग हा खर्च कुठल्या शीर्षाखाली टाकू?”
मी खिडकीबाहेर पाहिलं. बर्फ पडायला लागला होता,
वाट दिसत होती अजून, करडी.
म्हटलं, रस्ते आणि दुरुस्ती.
पलीकडून बराच वेळ
कुणी बोललं नाही.